मढची न फोडलेली बाटली

मुलुंड ते मढ हा प्रवास लिहून काढतोय असं सांगितल्यावर बायको म्हणाली, "लोक हिमालयात जाऊन लिहितात. तुम्ही बसनं घाटकोपरला जाऊन लिहा." तिचं म्हणणं चूक नाही. एका बाजूचं अंतर माझ्या मोजणीनं सत्तावीस किलोमीटर आणि मध्ये एक खाडी. पण वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मी ती खाडी ओलांडली नव्हती, आणि वाइन या पदार्थाबद्दल मला काडीची माहिती नव्हती. दोन्ही उणिवा एकाच शनिवारी भरून निघाल्या, म्हणून लिहितो आहे.

जायचं कारण दत्ताराम. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात एकतीस वर्षं मद्याच्या कोठाराचा स्टोअरकीपर होता. बाटल्या मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या, फुटलेल्यांचे तुकडेसुद्धा दाखवायचे. सकाळी आम्ही पाच जण फिरायला जातो तेव्हा तो कोठारातल्या गोष्टी सांगायचा, आणि त्यात फिरून फिरून एक नाव यायचं, मदेरा. अटलांटिक महासागरातल्या त्याच नावाच्या बेटावरची ही वाइन. टिकावी म्हणून तिच्यात ब्रँडी घालतात. पूर्वी तिची पिंपं जहाजाच्या पोटात तापत, हेलकावे खात पूर्वेकडे यायची आणि तशीच परत जायची. त्या हालांनी ती बिघडली नाही, उलट सुधारली. शंभर वर्षं सहज टिकते म्हणतात.

"सगळ्यो वाइनी प्रवासान बिघडतत," दत्ताराम म्हणायचा, "ही एकटीच सुधारता."

"तू चाखलीस का कधी?" मी एकदा विचारलं.

"बुचाचो वास घेतलंय रे. दोनदा. लग्नाच्या पंगतीचो वास रस्त्यावरून येता ना, तसो."

यंदा त्याच्या जिभेच्या कडेला गाठ निघाली. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, दोन आठवड्यांनंतरचा शुक्रवार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाठ पूर्ण निघेल, चव पूर्ण परत येईल की नाही ते सांगता येत नाही. हे ऐकून उरलेल्या चौघांनी त्याच्या पाठीमागे ठरवलं की एक जुनी मदेरा मिळवायची. आमच्यातला कदम म्हणाला, "शुक्रवारच्या आत त्याच्यासमोर फोडायची." आमच्याकडे बाटली उघडत नाहीत, फोडतात. हे मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी सगळी चूक या एका शब्दाशी आहे.

"आणायला साळवे जाईल," कदमनं जाहीर केलं. "तो पीत नाही. बाटली मुलुंडपर्यंत भरलेली पोचेल."

साळवे म्हणजे मी. आम्ही बौद्ध. पाचवं शील मी पाळतो, त्याचा गाजावाजा करत नाही. नोकरी थर्मामीटर आणि दाबमापक तपासण्याची. म्हणजे चवीवरून मला काहीही ठरवता येणार नव्हतं. जे मोजता येईल, तेवढंच. आणि जो एकटा माणूस हे सगळं जाणत होता, नेमकं त्यालाच विचारता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेआठला निघालो. पिशवीत पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, भिंग, टॉर्च, वही. भांडुप, कांजूर, विक्रोळी करत बस पन्नास मिनिटांत घाटकोपरला पोचली. तिथून वर्सोव्यापर्यंत मेट्रो, एकूण बारा स्टेशनं. तिसरं असल्फा. तिथे टेकडीवरची घरं निळी, गुलाबी, पिवळी रंगवलेली आहेत आणि गाडी अगदी त्यांच्या खिडक्यांच्या उंचीवरून जाते. एका गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. रोज शेकडो डबे तिच्या पापडांवरून जात असणार.

चौथ्या स्टेशनला, साकीनाक्याला उतरलो. इथे गल्लीगल्लीत लहान कारखाने. एका दारातून लेथचा आवाज, दुसऱ्यातून तापलेल्या प्लास्टिकचा वास. यासीनभाईंचं काचकाम एका लोखंडी जिन्याच्या वर आहे. प्रयोगशाळेच्या नळ्या, चंबू ते तोंडानं फुंकून बनवतात. आमच्या कारखान्याला पंचवीस वर्षं त्यांनी काच पुरवली, आणि त्यांचं माप कधी चुकल्याचं मला आठवत नाही. जुन्या बरण्या, बाटल्या जमवायचा त्यांना शौक. मदेराचा विषय मी त्यांच्याकडे आठवडाभर आधीच काढला होता आणि त्यांनी लगेच मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. मढच्या एका म्हातारीच्या नातवानं कॅनडाहून त्यांना किंमत विचारायला तो पाठवला होता. काळपट बाटली, अंगावर पांढऱ्या रंगाचे ठसे, अर्धी अक्षरं पुसलेली.

"साळवेसाहेब, आतल्या मालाचं मला विचारू नका," ते म्हणाले. "मी तर पाणी पिणारा माणूस. पण बाटलीचं सांगतो. इकडे या."

त्यांनी रद्दीतल्या दोन बाटल्या काढल्या, माझा अंगठा धरला आणि त्याचं नख एकीच्या बाजूनं वर सरकवलं. "लागली शिवण? साच्याची शिवण. कुठपर्यंत जाते?"

"पार ओठापर्यंत."

"मशीनची. आता ही दुसरी."

नख गळ्याशी येऊन सुटलं. पुढे गुळगुळीत.

"ओठ वेगळा, हातानं चढवलाय. समजलं? तुमची शिवण गळ्यातच संपली पाहिजे. आणि काचेत बुडबुडे. पट्टीनं मोजत बसू नका, उजेडात धरा, दिसतील."

फोटो मोठा करून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काच जुनी आहे. बनवणाऱ्याचा हात थोडा डावीकडे जायचा." शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी परदेशी कारागिराचा हात कुठे झुकायचा, हे साकीनाक्यातला माणूस मोबाइलच्या काचेतून सांगत होता. मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

माझा पुढचा थांबा चकाला. स्टेशनखालच्या उडप्याकडे रेश्मा भेटणार होती. दत्तारामच्याच हॉटेलात ती वाइनची जाणकार म्हणून काम करते. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन, हे पाहुण्यांना सांगायचं काम. सुरुवातीला कोठारात दत्तारामच्या हाताखाली होती. मधल्या सुट्टीत काळ्या कोटातच आली आणि आल्याबरोबर इडली मागवली.

"काकांची जीभ?" माझं बोलणं ऐकून तिनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "आम्ही परीक्षेला तीस-तीस वाइन चाखायचो, थुंकायचो. काका नुसतं बूच नाकाला लावून सांगायचे, ही उन्हात राहिलेली आहे, परत पाठव. एकदाही चुकले नाहीत. आणि त्यांना एक थेंब मिळायचा नाही."

"मी काय बघू ते सांग."

"ती उभी ठेवली आहे का, ते आधी बघा. बाकीच्या वाइन आडव्या ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. मदेरा उभीच. आडवी ठेवली तर तिची आंबट धार बूच खाऊन टाकते. ज्या घरात ती उभी आहे, त्या घरात कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं."

"आणि पातळी?"

"इतक्या वर्षांत बुचातून थोडी उडतेच. पातळी खाली आलेली असली तर घाबरू नका काका. अगदी वरपर्यंत असली, तर घाबरा."

मग तिनं एक गोष्ट सांगितली, जी आम्हा चौघांच्याही डोक्यात आली नव्हती. "आणि घरातून विकत घेऊ नका हं. परवाना नसताना दारू विकणं गुन्हा आहे. शंभर वर्षं जुनी असली तरी."

मी अर्ध्या वाटेवर होतो. "मग जाऊ की नको?"

"बघायला कायदा अडवत नाही. खरी निघाली तर पुढचा मार्ग शोधू." इडलीचे पैसे तिनं मला देऊ दिले नाहीत.

वर्सोव्याला मेट्रो संपते. रिक्षानं धक्क्याकडे जाताना उंच इमारती अचानक थांबतात आणि कोळीवाडा सुरू होतो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, ओळीनं, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. वास जोरदार, पण दोन मिनिटांत नाक सरावतं. पलीकडे जायच्या होडीत माणसं, तीन मोटारसायकली, एक बोकड आणि बर्फाची लादी. खाडी ओलांडायला घड्याळानं चार मिनिटं लागली. या चार मिनिटांसाठी मी सत्तावन्न वर्षं थांबलो होतो. मागे वळून पाहिलं तर अख्खी अंधेरी पाण्यावर उभी असल्यासारखी दिसत होती. पुढे पाहिलं तर माड, होड्या, आणि एका होडीच्या पुढच्या टोकाला ताजा निळा रंग देणारा म्हातारा.

उतरताना एक पाय गाळात गेला, घोट्याच्या वर. तो तसाच घेऊन फिलूमायच्या घरी पोचलो.

फिलोमिना हे त्यांचं नाव. गावात सगळे फिलूमाय म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतात, पण आपल्या वळणाची, 'ळ'चा 'ल' करून. ओट्यावर बसून सुपात जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) निवडत होत्या.

"फोटोवाला तू?" माझ्या पायाकडे बघत त्या म्हणाल्या. "सगला गाल घेऊन आलास? थोडा खाडीन ठेवायचा. तिकडं पिंप हाय, पाय धू."

आत गेलो. भिंतीतल्या फळीवर गडद काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या. मी पहिली उचलली आणि टॉर्च लावला. उजेड पलीकडे येईना. वहीत लिहायला लागलो, 'गाळ अत्यंत, जवळजवळ पूर्ण उंचीपर्यंत.'

"काय बघतं?"

"गाळ फार आहे, मावशी."

"मसाला हाय तो!" त्या इतक्या हसल्या की सूप हातातून सुटलं. ईस्ट इंडियन घरांत वर्षाचा मसाला कुटून गडद बाटल्यांत ठासून भरतात आणि त्याला बाटलीचा मसालाच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. वहीतली ओळ खोडली.

खरी बाटली मारियामातेच्या तसबिरीखाली पडद्यामागे होती. उभी. मी हात पुढे केला तसा त्यांनी माझा हातच धरला. "आडवी करू नको. सासू मारील."

"सासूबाई आहेत?"

"मेली. तरी मारील."

रेश्माचं वाक्य आठवलं. या घरात कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं होतं. मी पट्टी, भिंग काढलं. नख सरकवलं, शिवण गळ्यात संपली. ओठ किंचित डावीकडे कललेला. यासीनभाईंना मनात सलाम केला. काचेत सात बुडबुडे. तळाशी गाळ सहा मिलिमीटर. टॉर्चच्या उजेडात आतला रंग उकळलेल्या कोऱ्या चहाचा, कडेला किंचित हिरवट.

"मावशी, ही आली कुठून?"

"सासऱ्याचा बाप तारवावर होता. कप्तानानं दिली." तारू म्हणजे शिडाचं मोठं जहाज. याला पुरावा नाही. म्हणून लिहिताना शेजारी 'सांगितलेलं' असं लिहिलं.

मग महत्त्वाचा प्रश्न विचारला. "ही कधी फोडली होती का?"

त्यांनी छातीवर क्रूस काढला. "फोडली? नाय रे बाबा! दोन हातांनी धरतो आमी. कवाच नाय फोडली."

मी ठळक अक्षरात लिहिलं, 'न फोडलेली.' मन हलकं झालं. त्यांनी जेवायला बसवलं. बाटलीच्या मसाल्यातली मांदेली आणि फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोडसर गोळे. फुगा आतून पोकळ, बाहेरून खरपूस. मी सहा खाल्ले. मांदेलीचा रस्सा तिखट आहे असं वाटेपर्यंत तो तिखट नसतो, आणि मग एकदम असतो.

जेवताना पातळी डोक्यातून जाईना. बुचाच्या खाली अकरा मिलिमीटर. फक्त अकरा. नवीन बाटलीतही साधारण तेवढीच असते. हात धुतल्यावर पुन्हा विचारलं, "मावशी, नक्की फोडली नव्हती?"

आता त्या चिडल्या. "कितींदा विचारशील? फोडली असती तर उभी दिसली असती का? काच हाय ती! तुकडं झाले असते!"

मी तिथेच थांबलो. पन्नास वर्षं जो शब्द मी उघडण्यासाठी वापरत होतो, तो या बाईच्या कानात फुटण्याचाच होता. त्यांनी मला दोन्ही वेळा अगदी खरं उत्तर दिलं होतं.

"तसं नाही मावशी. बूच काढलं होतं का?"

"बूच?" त्या सहज म्हणाल्या. "बूच तर दर लग्नाला काढतात."

वहीतलं ठळक अक्षर माझ्याकडे बघत होतं.

रीत अशी. घरात लग्न झालं की दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीला या बाटलीतला एकेक चमचा. मग जेवढं काढलं, तेवढं नवरीनं आपल्या माहेरच्या वाइननं भरायचं. द्राक्षाची असेल, मनुकांची असेल, जी तिच्या आईनं घातली असेल ती. बाटली उणी राहता कामा नये. फिलूमायनं बोटांच्या पेरांवर एकेका नवरीचं नाव घेत मोजलं. चौदा. त्यातली नववी त्या स्वतः.

"आणि आपोआप आटली तर?"

"नाताळाला बघायची. आटली तर भरायची."

मी पट्टी खिशात ठेवली. मग त्यांना सगळं सांगितलं. दत्तारामबद्दल, एकतीस वर्षांबद्दल, शुक्रवारबद्दल. हेही सांगितलं की अशी बाटली जुनी वाइन म्हणून कुणी घेणार नाही, आणि घरातून विकणं कायद्यात बसत नाही.

"विकायचं नातवाच्या डोक्यान," त्या म्हणाल्या. "त्यानं तिकडंच कोर्टान लगीन केलं. चमचा मी टपालानं पाठवू? चौदावीनंतर कोण नाय आली." पदर झटकून उठल्या. "त्या तुझ्या दोस्ताला घेऊन ये. पंधरावा चमचा तसाच हाय. पण जेवढं काढील तेवढं घालायला पायजे. आपल्या घरचं. सांग त्याला."

परतीच्या होडीत मी हिशेब केला. बाटली पाऊण लिटरची, दर लग्नाला दोन चमचे म्हणजे दहा मिलिलिटर, चौदा वेळा. मूळची वाइन उरते जास्तीत जास्त त्र्याऐंशी टक्के. पण नाताळची भर किती, ते कुणीच मोजलेलं नाही. इतक्या वर्षांत ती कितीही झाली असेल. शंभर वर्षांपूर्वीचा त्यातला एक थेंब तरी दत्तारामच्या चमच्यात येईल याची हमी मी देऊ शकत नव्हतो. अशी नोंद माझ्या टेबलावर आली असती तर मी माल परत पाठवला असता.

रविवारी सकाळी कदम म्हणाला, "म्हणजे नकलीच ना? मग सांगू नकोस. जुनी आहे म्हणून दे, त्याला तेवढंच समाधान."

"तो बुचाचा वास घेऊन सांगतो," मी म्हटलं. "आणि नसता सांगू शकत, तरी खोटं नाही सांगणार."

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि दत्तारामला टक्केवारीसकट सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "साळव्या, तू मदेरा बघूक पट्टी घेऊन गेलंस?"

"हो."

"उभी होती?"

"उभी."

"मगे चल."

डॉक्टरांना फोन केला. बाटली म्हटल्यावर ते रागावले, एक चमचा म्हटल्यावर हसले आणि हो म्हणाले. बुधवारी दोघे निघालो. मुलुंडच्या दुकानातून दत्तारामनं आपल्या परवान्यावर लाल पोर्ट वाइनची लहान बाटली घेतली. दुकानातली सगळ्यात स्वस्त.

"ही त्यात घालणार?" मला राहवलं नाही.

"घरचा म्हणान सांगितल्यान ना तिणा? माझ्या घरात हीच असता. एकतीस वर्षं लोकांका काय काय दिलंय, पण सणाक मी हीच पितंय."

फिलूमायनं टेबलावर इस्त्री केलेलं कापड घातलं होतं आणि जर्मन सिल्व्हरचा चमचा घासून ठेवला होता. बूच त्यांनी स्वतः काढलं. दत्तारामनं आधी ते नाकाशी धरलं, सवयीनं, आणि मग काहीतरी लक्षात आल्यासारखा थांबला. बूच खाली ठेवलं आणि चमचा घेतला.

त्यानं डोळे मिटले. मी घड्याळ बघत होतो. एक मिनिट चाळीस सेकंद.

"गिळला का नाय अजून?" फिलूमायनं मला हळूच विचारलं.

त्यानं गिळला. मग डोळे न उघडता म्हणाला, "ह्यात जांभूळ असा. अगदी मागे. कोणीतरी जांभळाची घातलेली असा."

फिलूमायनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "माझी. माझ्या आयनं केली होती. गोराईची जांभलं. सासू बोलली होती, जांभलाची काय घालतेस, वाट लावलीस बाटलीची."

"वाट नाय लागली," दत्ताराम म्हणाला. "तीच शेवटपर्यंत जिभेर रवता."

मी मोजणारा माणूस. एका चमच्यातलं साठ वर्षांपूर्वीचं जांभूळ किती, ते काढायला गेलो तर जेमतेम एक थेंब भरतो. पण त्यानं ते सांगितलं तेव्हा बाटलीत जांभळाची वाइन पडली होती हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मलाही नाही. मी फक्त साक्षीला होतो.

दत्तारामनं पोर्टचा एक चमचा मोजून बाटलीत सोडला. मी पोर्टच्या बाटलीचं लेबल बघून म्हटलं, "मावशी, ही अगदी साधी आहे हं."

"त्याचे घरची हाय ना? मग बस झाली." त्यांनी दुसरा चमचा माझ्यापुढे धरला. मी हात जोडले. कारण सांगितलं. त्यांनी लगेच मान हलवली, चमचा मागे घेतला आणि बूच पुढे केलं. "वासाला तर चालतं?"

चालतं. मी बूच नाकाशी धरलं. तापलेल्या लाकडाचा, सुक्या फळांचा, कुठल्यातरी जुन्या कपाटाचा वास. दत्ताराम माझ्याकडे बघून हसत होता. "आता समाजला तुका, एकतीस वर्षं माझा काय झाला ता?"

बूच लावलं. मी पट्टी धरली. अकरा मिलिमीटर.

परतीच्या होडीत तो म्हणाला, "वही काढ. मी सांगतंय ता लिही. नंतर माका आठावला नाय तर वाचून दाखव." वर्सोव्याचा धक्का जवळ येत होता, मोटारसायकलवाल्यांनी इंजिनं सुरू केली होती, आणि तो माझ्या कानाशी ओरडून सांगत होता. पहिल्यांदा खारट, जिभेच्या टोकाला. मग संत्र्याची सुकी साल. अक्रोडाचं फोलपट. मध्ये गूळ, जरासा करपलेला. मग आंबट, एकदम, डोळ्यांत पाणी येईल असं. आणि सगळ्यात शेवटी जांभूळ. मी जसंच्या तसं लिहिलं. होडी हलत होती, त्यामुळे अक्षर वाईट आलं आहे.

बाटलीसाठी आम्ही चौघांनी जमवलेले पैसे ज्याचे त्याला परत केले. मढहून मुलुंडला काहीच आणलं नाही, एक मसाल्याची बाटली सोडून. ती फिलूमायनं बायकोसाठी दिली. बायकोनं ती फळीवर उभी ठेवली आहे.

शुक्रवारी शस्त्रक्रिया नीट झाली. पाचव्या दिवशी मी रुग्णालयात गेलो. दत्तारामला बोलता येत नव्हतं, नळीनं पातळ अन्न चालू होतं. चवीचं अजून काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी खुर्ची जवळ ओढली आणि वही काढून वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खारटापासून जांभळापर्यंत. तो छताकडे बघत ऐकत होता.

वाचून झाल्यावर त्यानं हात पुढे केला. मला वाटलं, हातात हात हवा आहे. पण त्याला पेन्सिल हवी होती. वही त्यानं पोटावर ठेवली, ओळीवरून बोट फिरवत नेमक्या जागी थांबला, 'गूळ' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'काकवी.'